गायकाविना गाणं

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

'फ्यूजन' हा शब्द आपल्याकडे आता चांगलाच रुळला आहे. फ्यूजन म्हटलं की एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येतं. एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला ड्रम्स, मध्ये सतार किंवा बासरी, शेजारी गिटार. थोडा आलाप, मग सवाल-जवाब, शेवटी सगळ्यांची मिळून तिहाई आणि टाळ्या. यातलं काही फार चांगलं असतं, काही नुसतंच जोरात असतं. आज मी ज्या फ्यूजनबद्दल बोलणार आहे, त्यात मात्र आपलं एकही वाद्य नाही. रॉक आणि जॅझ या दोन पाश्चात्त्य घराण्यांची ती सोयरीक आहे. ती जुळली लंडनमधल्या एका स्टुडिओत. ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये आणि तबकडी बाजारात आली १९७५ च्या मार्चमध्ये. वादकाचं नाव जेफ बेक, तबकडीचं नाव 'ब्लो बाय ब्लो'. नऊ रचना, आणि एकाही रचनेला गायक नाही.

या तबकडीबद्दल बोलावंसं वाटण्याचं कारण माझ्या पोटापाण्याशी जोडलेलं आहे. मी बरीच वर्षं वाद्यवृंदात गिटार वाजवली. गाण्याच्या सुरुवातीचा पीस आणि दोन कडव्यांमधला पीस, एवढीच आमची जहागीर. उरलेला वेळ मागे बसून कॉर्ड धरायचे. गायकाचा घसा बसला तर कार्यक्रम पुढे ढकलतात. गिटारवाला आजारी पडला तर दुसरा गिटारवाला येतो. यात तक्रार नाही, तो व्यवहारच आहे. आकाशवाणीच्या जुन्या श्रोत्यांना व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांनी गिटारवर वाजवलेली सिनेमाची गाणी आठवत असतील. ही मंडळी फार गोड वाजवायची. पण ते ऐकताना आपण मनातल्या मनात शब्द म्हणत असायचो. म्हणजे गायक तिथेही होताच, फक्त तो आपल्या डोक्यात बसलेला होता.

शब्दांच्या आधाराशिवाय एकटं वाद्य सामान्य श्रोत्याला धरून ठेवू शकतं का? शास्त्रीय मैफलीत ठेवतं, हे आपल्याला सांगायला नको. पण जे संगीत लोक रेडिओवर ऐकतात, चालता-बोलता गुणगुणतात, तिथे? वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. मला त्याचं सगळ्यात समाधानकारक उत्तर या तबकडीत सापडलं.

बेकचा जन्म १९४४ चा, लंडनच्या दक्षिणेकडच्या वॉलिंग्टनचा. १९६५ मध्ये 'यार्डबर्ड्स' या गटातून एरिक क्लॅप्टन बाहेर पडला आणि त्याच्या जागी बेक आला. गिटार किंचाळवणं, घुमवणं, तिच्यातून मोटारीच्या भोंग्यासारखे आवाज काढणं, यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण गायक ही त्याची कायमची अडचण होती. १९६७ मध्ये निर्मात्याच्या आग्रहावरून त्याने स्वतःच 'हाय हो सिल्व्हर लायनिंग' हे गाणं गायलं. ब्रिटनमध्ये ते गाजलं, आणि त्याला स्वतःला ते जन्मभर नकोसं वाटत राहिलं. नंतर त्याने स्वतःचा गट काढला, तेव्हा गायला होता रॉड स्टुअर्ट. खरखरीत आवाज आणि त्याला उत्तर देणारी गिटार, अशी ती जोडी होती. ती १९६९ मध्ये फुटली. त्याच वर्षाच्या अखेरीस बेकला मोटारीचा मोठा अपघात झाला. बरा झाल्यावर त्याने दुसरा गट बांधला, तोही मोडला. मग टिम बोगर्ट आणि कार्माइन अ‍ॅपिस यांच्याबरोबर तिघांचा गट केला. तिथे वाजवणारे तिघंही तालेवार होते, पण खास गायक असा कुणी नव्हता. १९७४ मध्ये तो गटही संपला.

याच काळातला एक प्रसंग पुढच्या कथेला उपयोगी आहे. स्टीव्ही वंडर यांच्या 'टॉकिंग बुक' या १९७२ च्या अल्बमवर बेकने एका गाण्यात गिटार वाजवली. त्या दिवसांत वंडर यांचं 'सुपरस्टिशन' हे गाणं बेकला मिळणार असं ठरलं होतं. पण वंडर यांच्या कंपनीला गाण्याचं मोल कळलं आणि त्यांचंच ध्वनिमुद्रण आधी बाजारात आलं. १९७३ च्या आरंभी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. बेकचं ध्वनिमुद्रण मागाहून आलं आणि त्याच्या सावलीत राहिलं. हातातलं गाणं असं गेलं खरं, पण ओळख टिकली. पुढे वंडर यांच्या दोन रचना बेकच्या तबकडीवर आल्या. त्यांच्याकडे आपण येऊच.

आता जॅझकडे वळू. जॅझमध्येही तोपर्यंत घरातली भांडणं सुरू झाली होती. माइल्स डेव्हिस या थोर ट्रम्पेटवादकाने १९६९-७० च्या सुमारास विजेवर चालणारी वाद्यं घेतली, रॉकचा ठेका घेतला. 'बिचेस ब्रू' हा त्याचा अल्बम ऐकून जुने जॅझप्रेमी नाराज झाले. त्यात गिटार वाजवणारा जॉन मॅकलॉफ्लिन हा इंग्लिश तरुण पुढे श्री चिन्मय यांचा शिष्य झाला. गुरूंनी दिलेलं 'महाविष्णू' हे नाव घेऊन त्याने 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' उभा केला. आपण त्याला ओळखतो ते झाकिर हुसेन यांच्याबरोबरच्या 'शक्ती'मुळे. या ऑर्केस्ट्रात ड्रम्स वाजवणाऱ्या बिली कॉबमने १९७३ मध्ये 'स्पेक्ट्रम' नावाचा अल्बम केला. त्यात सिंथेसायझरवर होता यान हॅमर, आणि गिटारवर टॉमी बोलिन हा रॉकमधला तरुण वादक. बेकने हा अल्बम ऐकला आणि त्याला वाट दिसली. इथे कुणी गात नव्हतं, आणि कुणाची उणीवही भासत नव्हती.

म्हणजे जॅझवाले पुढच्या दाराने रॉकमध्ये येत होते, तेव्हा बेक मागच्या दाराने जॅझकडे निघाला. यातला फरक लक्षात घ्यायला हवा. डेव्हिस, मॅकलॉफ्लिन यांच्यामागे स्वरसंगतीचा वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. कॉर्ड बदलली की तिच्या पोटातले कोणते स्वर कुठे न्यायचे, हे जॅझवादकाच्या बोटांत मुरलेलं असतं. बेक त्या शाळेत बसलेला नव्हता. तो ब्लूज आणि रॉक-अँड-रोल कानाने ऐकून वाढलेला. अशा माणसाने जॅझच्या मैदानात उतरायचं, तर एक तर नक्कल करायची, नाहीतर स्वतःजवळ काय आहे ते नीट ओळखायचं. त्याने दुसरा मार्ग घेतला, आणि त्याला दोन माणसांची मोठी मदत झाली.

पहिला मॅक्स मिडलटन. बेकच्या मधल्या गटात तो पियानो वाजवायचा. जॅझच्या कॉर्ड्स त्याच्या हाताखाली सहज होत्या. फेंडर ऱ्होड्स या विजेच्या पियानोवर तो अशी काही मऊ बैठक घालतो की बेकने वर एकच साधा स्वर लांबवला तरी तो श्रीमंत वाटतो. जॅझचं ज्ञान मिडलटनकडे आणि बोलणं बेककडे, अशी ही वाटणी आहे. बेसवर फिल चेन होता, जमैकात जन्मलेला. ड्रम्सवर रिचर्ड बेली. दोघांचाही ठेका सैल, लवचीक. रॉकचा ठोकळेबाजपणा त्यात नाही.

दुसरा माणूस म्हणजे निर्माता जॉर्ज मार्टिन, बीटल्सची गाणी घडवणारा. बेकसारख्या दंगेखोर वादकाने इतक्या शिस्तीच्या माणसाकडे जावं याचं तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं असेल. पण त्याच वर्षी मार्टिन यांनी महाविष्णू ऑर्केस्ट्राचा 'अपोकॅलिप्स' हा अल्बम लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राला बरोबर घेऊन केला होता. विजेची गिटार आणि व्हायोलिनांचा ताफा एकत्र कसा नांदवायचा, हे त्यांना ताजं ताजं ठाऊक होतं. स्टुडिओही त्यांचाच, लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कसजवळचा. त्याच्या आद्याक्षरांचं नाव 'एअर'. आपल्या आकाशवाणीचं जुनं इंग्रजी नावही आद्याक्षरांनी तेच होत असे, म्हणून मला उगीचच त्याच्याबद्दल आपुलकी वाटते. तबकडीवर 'एअर ब्लोअर' नावाची एक रचना आहे, तिच्यात स्टुडिओचं हे नाव गोवलेलं आहे.

आता ध्वनिमुद्रणाबद्दल थोडं. मैफलीत वादकाला एकच संधी असते. स्टुडिओत तसं नसतं. आधी ड्रम्स-बेस-पियानोची बैठक टेपवर घ्यायची, मग तिच्यावर मुख्य वाद्य पुनःपुन्हा वाजवून पाहायचं. ही सोय आहे आणि हाच धोकाही आहे. बेक आपल्या वाजवण्यावर कधी समाधानी नसे. मार्टिन एक गोष्ट सांगत असत. तबकडी पूर्ण झाल्यावरही बेक त्यांच्याकडे एखादा तुकडा पुन्हा वाजवून पाहण्याची गळ घालत राहिला. शेवटी त्यांना सांगावं लागलं की बाबा रे, तबकडी दुकानांत जाऊन पोचली आहे. यातली गंमत सोडली तरी निर्मात्याचं खरं काम त्यातून दिसतं. दहा वेळा वाजवलेल्यातलं सातव्या वेळचं ठेवायचं आणि आता पुरे म्हणायचं, हे वादकाला स्वतःला जमत नाही. तबकडीवर काही ठिकाणी एक रचना संपता संपता दुसरी सुरू होते. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळं एका दमात वाजलं आहे. ही मांडणीसुद्धा निर्मात्याच्या खोलीत घडते.

आता तीन-चार रचना बारकाईने पाहू. पहिली, बीटल्सची 'शी इज अ वुमन'. मूळ ध्वनिमुद्रण १९६४ चं, आणि त्याचे निर्मातेही मार्टिनच. बेकने ती जमैकाच्या रेगे ठेक्यावर घेतली आणि 'टॉक बॉक्स' हे साधन वापरलं. यात गिटारचा आवाज एका नळीतून वादकाच्या तोंडात जातो. वादक ओठ आणि जीभ हलवून त्याला आकार देतो आणि तो आकार समोरचा मायक्रोफोन टिपतो. स्वर गिटारचा आणि उच्चार माणसाचा. गायक काढून टाकला, पण त्याचं तोंड मात्र ठेवलं, असा हा खेळ. मजेदार आहे, तरी मला तो खेळच वाटतो. दोनदा ऐकला की नवलाई ओसरते.

खरी कसोटी पुढे आहे. 'कॉज वुई हॅव एन्डेड अ‍ॅज लव्हर्स' ही स्टीव्ही वंडर यांची रचना. १९७४ मध्ये सिरीटा राइट या गायिकेच्या अल्बमवर ती शब्दांसह आली होती. प्रेम संपल्यानंतरचं, समजुतीच्या सुरातलं हे गाणं. बेकने त्याचे शब्द काढून टाकले आणि गायिकेची जागा गिटारला दिली. अमेरिकन गिटारवादक रॉय ब्युकॅनन याला त्याने ते अर्पण केलं. का, ते सुरुवातीलाच कळतं. इलेक्ट्रिक गिटारच्या अंगावर आवाज कमी-जास्त करायची कळ असते. ती बंद ठेवून तार छेडायची आणि मग करंगळीने हलकेच उघडायची. असं केलं की पिकचा आघात ऐकूच येत नाही, स्वर शांततेतून उमलत येतो. ब्युकॅनन या युक्तीत वाकबगार होता. बेकने ती त्याच्याकडून घेतली आणि गाण्याच्या कामाला लावली.

आपल्याला हे समजायला सोपं आहे, कारण आपल्याकडे हा झगडा जुना आहे. तंतुवाद्याचा जन्मच आघातातून होतो. तार छेडली की 'टण्' असा आवाज येतो आणि स्वर लगेच विरू लागतो. गळ्याचं उलटं आहे. गळा स्वर हळूच लावू शकतो, फुगवू शकतो, दुसऱ्या स्वराकडे ओढत नेऊ शकतो. उस्ताद विलायत खाँ यांनी सतारीवर 'गायकी अंग' रुजवलं ते याच ओढीतून. एका छेडीत तार ओढून तीन-चार स्वर फिरवायचे आणि श्रोत्याला गळ्याचा भास करून द्यायचा. बेकने आपल्या वाद्यावर नेमकं हेच केलं. मला हे खाँसाहेबांशी तुलना म्हणून सांगायचं नाही. दोघांची विद्या वेगळी, शिस्त वेगळी. पण अडचण एकच होती, आणि ती सोडवण्यासाठी दोघंही गळ्याकडेच गेले.

या रचनेत बेक किती थोडं वाजवतो, हेही ऐकण्यासारखं आहे. एक ओळ म्हणतो, थांबतो. मिडलटनचा पियानो त्या थांबण्यात दोन शब्द टाकतो. मग बेक पुढची ओळ म्हणतो, जरा चढ्या आवाजात. गायक श्वास घेतो म्हणून गाण्यात विराम येतात. गिटारला श्वास लागत नाही, म्हणून गिटारवाले थांबत नाहीत, हा आमच्या जमातीचा मोठा दोष. बेक इथे श्वास घेतल्यासारखा वाजवतो. म्हणून शब्द नसतानाही कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटतं.

वंडर यांची दुसरी रचना 'थेलोनिअस'. नाव जॅझमधल्या थेलोनिअस मंक या पियानोवादकाची आठवण करून देणारं. 'फ्रीवे जॅम' ही मिडलटनची, तिचा नुसता ठेका ऐकला तरी मान डोलू लागते. आणि मग दोन अवघड रचना. 'स्कॅटरब्रेन'चा मुख्य तुकडा नऊ मात्रांच्या फेऱ्यात धावतो, 'डायमंड डस्ट' पाचांत चालते. रॉक बहुतेक चारांतच चालतो, म्हणजे आपल्या केहरव्याच्या घरात. चारांत वाढलेल्या माणसाला पाच आणि नऊ लंगडे वाटतात. झपतालाची सवय असलेल्या आपल्या कानाला पाचांचं वावडं नाही. 'डायमंड डस्ट' पहिल्यांदा ऐकताना माझी बोटं आपोआप मांडीवर मात्रा मोजू लागली आणि थोड्या वेळाने मोजायची विसरली. विषम ताल इतका सुखाचा वाटावा, हे वाजवणाऱ्यांचं श्रेय. या दोन्ही रचनांना मार्टिन यांनी व्हायोलिनांची साथ दिली आहे. 'स्कॅटरब्रेन'मध्ये गिटार धावते तेव्हा व्हायोलिनं तिच्या मागे मोठं आभाळ धरून उभी असतात. 'डायमंड डस्ट'मध्ये साडेआठ मिनिटं कुणालाच घाई नसते.

तबकडी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचली. गायक नसलेल्या तबकडीला हे भाग्य क्वचितच लाभतं. ती घेणाऱ्यांतल्या बहुतेकांचा जॅझशी काही संबंध नव्हता. ते रॉकचे श्रोते होते. शब्द नसतानाही त्यांनी ती घरी नेली, पुनःपुन्हा लावली. माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

मग हे जॅझ होतं का? काटेकोर जॅझप्रेमी नाही म्हणतील, आणि त्यांचं चूक नाही. कॉर्डच्या पोटात शिरून नवी वाट काढणं हे जॅझचं मर्म. ते बेकने फारसं केलेलं नाही. एक-दोन रचना तर छान ठेका सापडला म्हणून वाजवत राहावं, इतपतच आहेत. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, त्याने यान हॅमरला बरोबर घेऊन 'वायर्ड' केला. त्यात वेग जास्त आहे, कसरत जास्त आहे. त्यातली माझी आवडती रचना मात्र सगळ्यात संथ आहे. चार्ल्स मिंगस याने सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांच्या निधनानंतर, १९५९ मध्ये केलेलं ते शोकगीत, 'गुडबाय पोर्क पाय हॅट'. म्हणजे जॅझमधूनसुद्धा बेकच्या हाती जे खरं लागलं, ते गाणंच होतं.

फ्यूजन करणाऱ्या आपल्या तरुण वादकांना यातून घेण्यासारखं काही आहे असं मला वाटतं. दोन प्रकार एकत्र आणताना आपण पहिल्यांदा वेग एकत्र आणतो. तबल्याचा रेला आणि ड्रम्सचा रोल, सतारीचा झाला आणि गिटारचा झपाटा. टाळ्या मिळतात, पण घरी जाताना ओठांवर काही येत नाही. बेकने दुसऱ्या घरातून वेग आणला नाही. मिडलटनच्या कॉर्ड्स आणल्या, विषम मात्रांचा ठेका आणला, मार्टिन यांची शिस्त आणली. त्याची स्वतःची गिटार त्यांच्यामध्ये आधीपेक्षा कमी बोलू लागली, आणि जास्त ऐकू येऊ लागली.

या वाटेवर तो पुढे आपल्या दारापर्यंत आला, हे फार जणांना ठाऊक नसतं. ब्रिटनमधले भारतीय वंशाचे संगीतकार नितीन साहनी यांच्या 'बियाँड स्किन' या १९९९ च्या अल्बमवर 'नादिया' नावाचं गाणं आहे. ते गायलं आहे स्वाती नाटेकर यांनी. आपल्याकडची तालीम घेऊन लंडनमध्ये गाणाऱ्या या गायिकेच्या आवाजातल्या मींडा आणि हरकती बेकने ऐकल्या आणि २००१ च्या आपल्या अल्बममध्ये त्या गिटारवर घेतल्या. तोवर त्याने पिक कधीच सोडला होता. तो नुसत्या बोटांनी वाजवायचा. उजव्या हाताशी गिटारची दांडी, जी दाबली-उचलली की सगळ्या तारा सैल किंवा ताठ होतात. जी दांडी रॉकवाले स्वर थरथरवायला वापरतात, तिच्यावर हा माणूस नाटेकरांची मींड काढतो. २००७ मध्ये लंडनच्या रॉनी स्कॉट्स या नामांकित जॅझ क्लबात तो वाजवायला बसला, तेव्हा त्याने 'नादिया' वाजवलं आणि वंडर यांचं ते जुनं गाणंही वाजवलं. त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे.

१० जानेवारी २०२३ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, बेक गेला. तुम्हाला त्याची गिटार ऐकायची असेल, तर एक सुचवतो. आधी नाटेकरांचं 'नादिया' ऐका, मग बेकचं. नंतर रात्री उशिरा, घर शांत झाल्यावर, १९७५ चं ते वंडर यांचं गाणं लावा. आवाज फार मोठा ठेवू नका. पहिला स्वर कुठून सुरू झाला ते शोधायचा प्रयत्न करा. मी अजून शोधतो आहे.